गोंगाटातून वीज : पण किती?

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी ‘ध्वनिप्रदूषणातून वीजनिर्मिती’ या नावाची प्रतिकृती मांडली होती. पुठ्ठ्याचा रस्ता, त्यावर खेळण्यातल्या मोटारी, रस्त्याच्या कडेला एक स्पीकर, स्पीकरच्या कागदी पडद्यावर चिकटवलेल्या पितळी चकत्या आणि त्यांना जोडलेले तीन तांबडे एलईडी. स्पीकरमधून हॉर्नचा कर्कश आवाज सुरू झाला की तिन्ही दिवे मिणमिणू लागत. बघ्यांची गर्दी त्याच टेबलाभोवती जास्त होती.

मुलींची परवानगी घेऊन मी एक चकती पडद्यापासून सोडवली आणि बोटभर अंतरावर धरली. आवाज तेवढाच होता, पण त्या चकतीचा दिवा विझला. मुलींचे चेहरे उतरले. त्यांनी लबाडी केलेली नव्हती. दिवा खरोखरच चकतीत निर्माण झालेल्या विजेवर लागत होता. त्यांचे शिक्षक मात्र अस्वस्थ झाले. ते म्हणाले, “सर, ध्वनी ही ऊर्जा आहे, आणि ऊर्जेचे एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर होते, हे आम्हीच वर्गात शिकवतो. मग चुकले कुठे?” त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आता सवडीने देण्याचा हा प्रयत्न आहे.

दाबातून वीज

प्रथम त्या पितळी चकतीकडे पाहू. वाढदिवसाच्या गाणाऱ्या शुभेच्छापत्रात किंवा गजर वाजवणाऱ्या छोट्या उपकरणात ती असते. पितळेच्या पातळ तबकडीवर पांढुरक्या सिरॅमिकचा एक थर बसवलेला असतो. त्या सिरॅमिकवर दाब पडला किंवा ते वाकले की त्याच्या दोन पृष्ठभागांवर विरुद्ध प्रकारचे विद्युत प्रभार जमा होतात. या गुणधर्माला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. ‘पिझाइन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दाबणे’ असा आहे. मराठीत आपण याला दाबविद्युत म्हणू.

हा परिणाम १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. तेव्हा झाक २४ वर्षांचे आणि पिएर अवघे २१ वर्षांचे होते. क्वार्ट्झ, टूर्मलिन, रोशेल सॉल्ट, इतकेच नव्हे तर उसाच्या साखरेच्या स्फटिकांतही त्यांना तो आढळला. याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे स्फटिकाला विद्युतदाब दिला तर त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे, असे १८८१ साली गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने दाखवले. क्युरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोगाने ते पडताळून पाहिले.

असे का होते? क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. धन प्रभारांचा मध्य आणि ऋण प्रभारांचा मध्य एरवी एकाच ठिकाणी पडतो, त्यामुळे बाहेर काहीच जाणवत नाही. स्फटिक दाबला की ही रचना थोडी वेडीवाकडी होते, दोन्ही मध्य एकमेकांपासून सरकतात आणि पृष्ठभागांवर प्रभार दिसू लागतात. मिठासारख्या ज्या स्फटिकांची रचना मध्यबिंदूभोवती पूर्ण सममित असते, त्यांत दाबल्यावरही दोन्ही मध्य एकत्रच राहतात. म्हणून मीठ दाबून वीज मिळत नाही. स्फटिकांचे सममितीनुसार ३२ वर्ग पाडले जातात. त्यांपैकी २० वर्गांतच हा गुण संभवतो.

आजच्या चकत्यांत क्वार्ट्झ नसतो. शिसे, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून केलेले पीझेडटी नावाचे सिरॅमिक असते. तेवढ्याच बलाला ते क्वार्ट्झच्या शंभराहून अधिक पट प्रभार देते. स्वयंपाकघरातल्या खटका दाबायच्या गॅस लायटरमध्येही याच जातीचे सिरॅमिक असते. खटक्याबरोबर आतली स्प्रिंग एक छोटी हातोडी त्यावर आपटते, क्षणभर काही हजार व्होल्ट निर्माण होतात आणि ठिणगी उडते.

लायटरच्या ठिणगीमुळे एक गैरसमज मात्र हमखास होतो. हजारो व्होल्ट म्हणजे भरपूर वीज, असे विद्यार्थ्यांना वाटते. पण प्रभार अत्यल्प असतो आणि तो क्षणात संपतो. व्होल्ट किती हे विचारून भागत नाही, ज्यूल किती आणि वॅट किती हे विचारावे लागते. प्रदर्शनातल्या त्या प्रतिकृतीपुढेही हाच प्रश्न ठेवायला हवा होता.

आवाजात ऊर्जा किती?

एका चौरस मीटरवर दर सेकंदाला जेवढी ध्वनिऊर्जा येऊन पडते, तिला ध्वनीची तीव्रता म्हणतात. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता दर चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग इतकी धरली जाते. हे झाले शून्य डेसिबल. पुढे दर १० डेसिबलला तीव्रता दहा पट होते. हे एकदा लक्षात ठेवले की पुढचा कोष्टक फळ्यावर तोंडी मांडता येतो. आकडे दर चौरस मीटरचे आहेत.

६० डेसिबल, जवळच्या माणसाचे साधे बोलणे : एका वॅटचा दहा लाखावा भाग, म्हणजे १ मायक्रोवॅट.
८० डेसिबल, वाहत्या रस्त्याची कड : १०० मायक्रोवॅट.
९० डेसिबल, अगदी जवळून जाणारा ट्रक : १००० मायक्रोवॅट, म्हणजे १ मिलिवॅट.
१२० डेसिबल, कान दुखू लागतील असा आवाज : १ वॅट.

आता ९० डेसिबलचा गोंगाट घेऊ. इतक्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. समजा, हा गोंगाट एक क्षणही थांबत नाही आणि त्यातली सगळीच्या सगळी ऊर्जा विजेत रूपांतरित करणारी जादूची भिंत आपल्याला मिळाली. तरी ९ वॅटचा एक एलईडी दिवा लावण्यासाठी ९००० चौरस मीटरची भिंत लागेल, म्हणजे सव्वादोन एकर. रस्त्याच्या कडेच्या ८० डेसिबलवर ५ वॅटने मोबाइल चार्ज करायचा झाला तर ५०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेबारा एकर भिंत! याउलट स्वच्छ दुपारी सूर्यप्रकाशातून एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. ९० डेसिबलच्या गोंगाटापेक्षा हे दहा लाख पटींनी जास्त आहे.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब करता येतो. सात मीटरवर ९० डेसिबल आवाज देणारा ट्रक घ्या. त्याचा आवाज सात मीटर त्रिज्येच्या अर्धगोलात पसरतो असे मानले, तर अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस मीटर येते. प्रत्येक चौरस मीटरवर १ मिलिवॅट म्हणजे ट्रकचा एकूण आवाज ०.३ वॅट. त्याच ट्रकचे इंजिन एक लाख वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकते. एवढ्या मोठ्या धुडाचा सगळा गोंगाट गोळा केला, तरी त्यातून विजेरीतला छोटासा दिवा कसाबसा लागेल.

माणसाच्या आवाजाचेही तसेच. खच्चून ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सुमारे १ मिलिवॅट असते. मुंबईच्या वानखेडे मैदानात सुमारे ३३,००० प्रेक्षक मावतात. षटकार बसल्यावर ते सगळे एकाच वेळी ओरडले, तर ध्वनिशक्ती होते ३३ वॅट. छताचा जुना पंखाही तेवढ्यावर नीट फिरणार नाही.

कान आपल्याला फसवतो

मग आवाजात एवढी ताकद आहे असे आपल्याला का वाटते? कारण आवाजाची मोजणी आपण कानाने करतो, आणि कान हे विलक्षण संवेदनक्षम यंत्र आहे. अगदी मंद आवाज ऐकू येतो तेव्हा कानाच्या पडद्याची हालचाल एका अणूच्या व्यासाहूनही कमी असते. शून्यापासून १२० डेसिबलपर्यंत तीव्रता एक लाख कोटी पट वाढते आणि कान हा सगळा पल्ला सांभाळतो. इतक्या नाजूक अवयवाला एक वॅटचा मारा वेदनादायक वाटला, तर त्यात नवल नाही.

गोंगाट हा उपद्रव म्हणून फार मोठा आहे, ऊर्जा म्हणून मात्र नगण्य आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिल्या विधानावरून दुसऱ्याच्या उलट निष्कर्ष काढला की ‘ध्वनिप्रदूषणातून वीज’ ही कल्पना जन्माला येते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींतून वीज मिळवावी, असेही विद्यार्थी सुचवतात. तेथे त्यांना साखळी काढायला सांगावी. डिझेल जाळून जनरेटर चालतो, जनरेटरच्या विजेवर स्पीकर वाजतात, आणि साध्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम काही टक्के ऊर्जाच आवाजात उतरते. त्या आवाजातून पुन्हा वीज मिळवणे म्हणजे विहिरीतून घागरभर पाणी काढून ओतायचे आणि जमिनीवरचा ओलावा टिपकागदाने गोळा करायचा. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. गोंगाट कमीच करायचा असतो. त्यातून वीज मिळेल या आशेने तो सुसह्य मानायला विद्यार्थी शिकले, तर आपण त्यांना चुकीचे विज्ञान आणि चुकीचे नागरिकशास्त्र दोन्ही शिकवले असे होईल.

हवेतून स्फटिकात

आतापर्यंत आपण जादूची भिंत धरली होती. प्रत्यक्षातल्या चकतीपुढे आणखी एक अडथळा असतो, आणि प्रदर्शनातल्या विझलेल्या दिव्याचे कारण त्यातच आहे.

हवा अतिशय हलकी आणि सहज दबणारी, तर सिरॅमिक जड आणि ताठ. ध्वनिलहरीला एका माध्यमातून दुसऱ्यात शिरायचे असेल तर दोन्ही माध्यमांचा ‘ध्वनिरोध’ जवळपास सारखा असावा लागतो. माध्यमाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे ध्वनिरोध. हवेसाठी तो मीटर-किलोग्रॅम-सेकंद एककांत सुमारे ४१५ येतो, पाण्यासाठी १५ लाख आणि पीझेडटीसाठी सुमारे ३ कोटी. या आकड्यांवरून हिशेब केला, तर हवेतून सिरॅमिकच्या जाड ठोकळ्यावर पडलेल्या ध्वनिऊर्जेपैकी जेमतेम अठरा हजारावा भाग आत शिरतो. बाकीचा आवाज भिंतीवर टाकलेल्या चेंडूसारखा परत फिरतो.

दाबाच्या भाषेतही हे सांगता येईल. ९० डेसिबलच्या आवाजात हवेचा दाब फक्त ०.६ पास्कलच्या आसपास कमीजास्त होतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर या आवाजाने पडणारे बल तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतके भरते. एवढ्याशा बलाने ताठ चकती कितीशी वाकणार? मुलींनी चकती स्पीकरच्या पडद्यावरच चिकटवली होती, तेव्हा पडदा तिला स्वतः हलवून वाकवत होता. ती ऊर्जा स्पीकरमधून, म्हणजे भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटमधून, थेट चकतीत जात होती. मध्ये बोटभर हवा येताच खरी परीक्षा सुरू झाली.

यावर संशोधकांनी उपाय शोधले आहेत. जाड ठोकळ्याऐवजी पातळ, लवचिक पडदा किंवा एका टोकाला धरलेली पट्टी वापरतात. ती कमी बलानेही वाकते. शिवाय अनुनादाची मदत घेतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ठरावीक सूर घुमतो, हा अनुनाद. अशा पोकळीच्या आत पट्टी बसवली तर त्या विशिष्ट सुराला तिच्यावरचा दाब अनेक पटींनी वाढतो. पण यात मेख अशी, की हा फायदा त्या एकाच सुराला मिळतो. रस्त्यावरच्या गोंगाटात शेकडो सूर एकत्र मिसळलेले असतात आणि ते क्षणाक्षणाला बदलतात. शिवाय आवाज पोकळीत कितीही घुमवला, तरी त्या जागेवर मुळात येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा सतत काढून घेता येत नाही.

थोडके पुरते तेथे

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आवाजापासून वीज मिळवण्याचा विषयच निरर्थक आहे. तसे मुळीच नाही. आवाजापासून मिळालेल्या विजेने माणसाने फार मोठी कामे केली आहेत. मात्र तेथे विजेचा उपयोग इंधन म्हणून न होता निरोप म्हणून झाला आहे.

१८७७ साली वापरात आलेल्या बेल यांच्या टेलिफोनमध्ये बॅटरी नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजानेच चुंबकाजवळची पातळ चकती हले, तारेत क्षीण वीज निर्माण होई आणि पलीकडच्या कानाला ती पुरे. येथे दाबविद्युत नव्हती, पण तत्त्व तेच : कान एवढा संवेदनक्षम आहे की त्याच्यासाठी थोडकेच पुरते.

दाबविद्युतचा पहिला मोठा उपयोग पाण्यात झाला, हा योगायोग नव्हे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पिएर क्युरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून श्रवणातीत लहरी पाठवल्या व त्यांचे प्रतिध्वनी टिपले. पाण्याचा ध्वनिरोध हवेच्या साडेतीन हजार पट असतो. त्यामुळे पाण्यातून सिरॅमिकमध्ये जवळजवळ १८ टक्के ध्वनिऊर्जा शिरू शकते. सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार जेल का लावतात, याचे उत्तरही येथेच आहे. त्वचा आणि उपकरण यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी बहुतेक सगळा ध्वनी तेथूनच परत फिरेल. उपकरणातली सिरॅमिकची पट्टी आधी विजेने थरथरून ध्वनी पाठवते, मग परतलेल्या प्रतिध्वनीने थरथरून वीज देते. क्युरी बंधूंनी तपासलेले दोन्ही परिणाम एकाच पट्टीत काम करत असतात.

मेरी क्युरी यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८९८ साली किरणोत्साराचे मोजमाप करताना त्यांना अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी क्युरी बंधूंचेच क्वार्ट्झचे उपकरण वापरले. ठरावीक वजन टांगले की क्वार्ट्झ ठरावीक, अगदी थोडा प्रभार देतो. त्याच्याशी तुलना करून त्यांनी प्रवाह मोजले आणि पोलोनियम व रेडियमचा माग काढला. दाबविद्युत ‘फार थोडी’ असते, हीच तेथे मदत झाली.

वीज म्हणूनच वापर करायचा असेल, तर ज्यांना मायक्रोवॅट पुरतात अशी कामे शोधावी लागतात. क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ साधारण १ मायक्रोवॅटवर चालते. यंत्राला थेट चिकटवलेल्या चकतीवर चालणारे तापमापक किंवा कंपनमापक याच जातीचे. आवाजापेक्षा पाऊल किंवा यंत्राचे कंपन यांत ऊर्जा किती तरी जास्त. साठ किलोचा माणूस चालताना फरशी पाच मिलिमीटर दबली, तर एका पावलाला सुमारे ३ ज्यूल मिळू शकतात. २००८ साली टोकियो स्थानकात अशा फरशीचे प्रयोग झाले. पण हे ३ ज्यूल शेवटी चालणाऱ्याच्या जेवणातूनच येतात, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

वर्गात करून पाहण्याजोगे

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानातून साडेतीन सेंटिमीटरची एक चकती आणि एक तांबडा एलईडी आणा. एलईडीची एक तार पितळेला आणि दुसरी पांढऱ्या थरावरच्या तारेला जोडा. खोलीत अंधार करा.

एक : चकती पुस्तकावर ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारा. एलईडी क्षणभर चमकेल.

दोन : आता चकती दोन बोटांत कडेने धरून तिच्यासमोर सगळ्या वर्गाला ओरडू द्या. एलईडी लागणार नाही.

तीन : एलईडी काढून तीच चकती ध्वनिवर्धकाला माइकच्या जागी जोडा आणि तिच्याजवळ बोला. आवाज थोडा किनरा, पण स्पष्ट ऐकू येईल. वीज निर्माण होत होती, ती दिव्याला पुरत नव्हती एवढेच. आता दिव्याऐवजी ध्वनिवर्धकाने ती ओळखली आणि मोठी केली. मोठे करण्याची ऊर्जा अर्थातच ध्वनिवर्धकाची.

चार : हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्या. दहा ग्रॅमचे वजन दहा सेंटिमीटरवरून चकतीवर पडले तर सुमारे १० मिलिज्यूल ऊर्जा येते. ९० डेसिबलच्या गोंगाटातून या चकतीवर दर सेकंदाला पडतो १ मायक्रोज्यूल. एका टिचकीएवढी ऊर्जा यायला किती वेळ लागेल? उत्तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. पूर्ण एक ज्यूल, म्हणजे शंभर ग्रॅमचा पेरू एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा, यायला साडेअकरा दिवस लागतील, आणि तेही सगळी ऊर्जा टिपता आली तर.

त्या मुलींच्या प्रतिकृतीला त्या दिवशी बक्षीस मिळाले नाही, आणि परत येताना मला त्याची रुखरुख लागून राहिली. त्यांच्याकडे चकत्या होत्या, स्पीकर होता, उत्साह होता. कमी होती ती एका प्रश्नाची, आणि तो प्रश्न विचारायला आम्ही मोठ्यांनीच त्यांना शिकवले नव्हते. ऊर्जेचे रूपांतर होते हे आपण शिकवतो, पण किती होते हे विचारायला शिकवत नाही. त्याच साहित्यातून ‘आवाजातून किती वीज मिळते?’ या नावाचा प्रकल्प उभा राहिला असता. चकती पडद्यावर, मग एक सेंटिमीटरवर, मग दहा सेंटिमीटरवर धरून मापे घ्यायची, आलेख काढायचा आणि खाली प्रांजळपणे लिहायचे : ‘दिवा लावण्याइतकी वीज मिळत नाही, कारण...’

यंदाच्या प्रदर्शनात कोणी असा प्रकल्प मांडला, तर परीक्षकांनी विझलेल्या दिव्याकडे न पाहता त्या ‘कारण’ नंतरच्या ओळी वाचाव्यात.